पंडिता रमाबाई : धर्मनियम आणि विवेकस्वातंत्र्य

महाराष्ट्रातील स्त्रीशिक्षणाचा आणि विधवांच्या पुनर्वसनाचा इतिहास पंडिता रमाबाईंच्या उल्लेखावाचून पूर्ण होत नाही. शारदा सदन आणि केडगावचे मुक्ती मिशन या संस्थांच्या संस्थापक म्हणून त्यांचे नाव सर्वपरिचित आहे. त्यांच्या धर्मांतरावरून महाराष्ट्रात उठलेले वादळही अनेकांना ठाऊक आहे. मात्र ज्या चर्चमध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला, त्या चर्चच्या अधिकाऱ्यांशी त्यांचा झालेला मतभेद तुलनेने कमी लोकांना माहीत आहे. ख्रिस्तावर श्रद्धा ठेवणे म्हणजे चर्चने घालून दिलेला प्रत्येक नियम व सिद्धान्त निमूटपणे स्वीकारणे होय का, हा त्या मतभेदाचा गाभा होता. रमाबाईंनी या प्रश्नाला आपल्या आयुष्याने उत्तर दिले आणि त्याची किंमतही मोजली.

नियमांच्या छायेतील बालपण

रमाबाईंचा जन्म २३ एप्रिल १८५८ रोजी पश्चिम घाटातील गंगामूळच्या अरण्यात झाला. त्यांचे वडील अनंतशास्त्री डोंगरे हे व्युत्पन्न चित्पावन पंडित होते. त्यांनी आपली पत्नी लक्ष्मीबाई यांना संस्कृत शिकविले. स्त्रीला देवभाषा शिकविणे त्या काळी धर्मबाह्य मानले जात असे. त्याबद्दल अनंतशास्त्र्यांना उडुपी येथे विद्वानांच्या सभेपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. पुढे लक्ष्मीबाईंनीच रमाबाईंना संस्कृतचे पाठ दिले.

स्त्रीशिक्षणाच्या बाबतीत अनंतशास्त्री सुधारक असले, तरी इतर सर्व आचारांत ते कर्मठ होते. घरची संपत्ती ओसरल्यावर हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थक्षेत्रांतून भ्रमण करू लागले. व्रते, उपवास, स्नाने, प्रदक्षिणा आणि ब्राह्मणांना दाने यांत त्यांची उरलीसुरली पुंजी खर्च झाली. १८७० च्या दशकातील दुष्काळात या कुटुंबावर उपासमारीची पाळी आली. आईवडील आणि थोरली बहीण कृष्णाबाई यांचा मृत्यू रमाबाईंनी डोळ्यांनी पाहिला. शास्त्राने सांगितलेले सर्व काही केले, तरीही त्यातून संरक्षण लाभले नाही, ही जाणीव त्यांच्या मनात त्या वेळी खोलवर रुजली.

कोलकाता ते पुणे

बंधू श्रीनिवास यांच्यासमवेत पायी प्रवास करीत रमाबाई १८७८ मध्ये कोलकात्यास पोहोचल्या. तेथील विद्वानांनी त्यांच्या संस्कृतप्रभुत्वाची परीक्षा घेऊन त्यांना पंडिता आणि सरस्वती या पदव्या दिल्या. केशवचंद्र सेन यांनी त्यांना वेद वाचण्यास उद्युक्त केले. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्याच्या निमित्ताने रमाबाईंनी धर्मशास्त्रांचे अध्ययन आरंभिले. अनेक बाबतींत परस्परविरोधी असलेले हे ग्रंथ स्त्रिया व शूद्र यांचा अधिकार नाकारण्याच्या बाबतीत मात्र एकमत आहेत, असे त्यांना आढळून आले. त्या अध्ययनाने त्यांची परंपरागत श्रद्धा ढासळली.

१८८० मध्ये बंधूंचे निधन झाले. त्याच वर्षी रमाबाईंनी बिपिनबिहारी दास मेधावी या बंगाली वकिलांशी नोंदणी पद्धतीने विवाह केला. हा विवाह जातीबाहेरचा होता. आसाम प्रांतातील सिलचर येथे त्यांचे वास्तव्य असताना लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती पडली. एप्रिल १८८१ मध्ये कन्या मनोरमेचा जन्म झाला आणि फेब्रुवारी १८८२ मध्ये पतीचे पटकीने निधन झाले. वयाच्या चोविसाव्या वर्षाच्या आतच रमाबाई विधवा झाल्या.

त्यानंतर त्या पुण्यास आल्या. १८८२ मध्ये त्यांनी आर्य महिला समाजाची स्थापना केली. हंटर शिक्षण आयोगापुढे साक्ष देताना त्यांनी स्त्री शिक्षिका आणि स्त्री डॉक्टर यांची गरज प्रतिपादन केली. वैद्यकीय शिक्षण घेण्याच्या हेतूने त्या १८८३ मध्ये इंग्लंडला गेल्या. वाँटेज येथील सेंट मेरी भगिनीसंघाने त्यांची राहण्याची व्यवस्था केली होती. या संघाच्या भगिनी पुण्यात कार्य करीत असत व रमाबाईंचा त्यांच्याशी परिचय झाला होता. श्रवणशक्ती मंद झाल्यामुळे वैद्यकीय शिक्षणाचा बेत मात्र रमाबाईंना सोडून द्यावा लागला.

वाँटेज येथील दीक्षा

रमाबाईंना ख्रिस्ती धर्माकडे नेणारी गोष्ट कोणताही सैद्धान्तिक ग्रंथ नव्हता. लंडनमधील फुलहॅम येथे भगिनीसंघ पतित मानल्या गेलेल्या स्त्रियांसाठी एक आश्रयगृह चालवीत असे. तेथील स्त्रियांना मिळणारी प्रेमाची वागणूक पाहून रमाबाई थक्क झाल्या. आपल्या देशात अशा स्त्रियांना शासन सांगणारे नियम त्यांनी वाचले होते. त्यांना जवळ घेणारा धर्म त्या प्रथमच पाहत होत्या. ख्रिस्त व शोमरोनी स्त्री यांच्या भेटीची कथा त्यांना तेथे समजावून सांगण्यात आली. नीलकंठशास्त्री ऊर्फ नेहेम्या गोऱ्हे या ख्रिस्ती झालेल्या महाराष्ट्रीय पंडितांच्या युक्तिवादाचाही त्यांच्यावर परिणाम झाला. २९ सप्टेंबर १८८३ रोजी रमाबाई व मनोरमा यांनी वाँटेज येथे बाप्तिस्मा घेतला.

इकडे महाराष्ट्रात या वृत्ताने संताप उसळला. परंतु खरा आंतरिक संघर्ष इंग्लंडमध्येच पुढील दोन वर्षांत घडणार होता.

१८४८ मध्ये स्थापन झालेला वाँटेजचा भगिनीसंघ अँग्लिकन चर्चमधील परंपरानिष्ठ प्रवाहातील होता. आज्ञापालन, प्रार्थनाविधी आणि चर्चचा अधिकार यांना तेथे मोठे महत्त्व असे. भगिनी जेराल्डिन यांच्याकडे रमाबाईंच्या आध्यात्मिक शिक्षणाची जबाबदारी सोपविण्यात आली होती. रमाबाईंवर त्यांची माया होती आणि रमाबाईही त्यांना मातेसमान मानीत. असे असले तरी दोघींच्या श्रद्धेच्या कल्पना निरनिराळ्या होत्या. बाप्तिस्मा घेणाऱ्याने चर्चची शिकवण संपूर्णपणे, शंका न घेता स्वीकारावी, अशी भगिनी जेराल्डिन यांची धारणा होती. रमाबाईंना जे बुद्धीला व सदसद्विवेकाला पटले नव्हते, ते ओठांनी मान्य करणे अप्रामाणिकपणाचे वाटत असे.

चेल्टनहॅमचा पत्रव्यवहार

१८८४ मध्ये रमाबाई चेल्टनहॅम येथील महिला महाविद्यालयात दाखल झाल्या. तेथे त्या स्वतः शिकत असत आणि संस्कृतही शिकवीत. प्राचार्या डोरोथिया बील या शिक्षणक्षेत्रातील नामांकित विदुषी होत्या व रमाबाईंच्या शंका त्या संयमाने ऐकून घेत. या काळात रमाबाई, भगिनी जेराल्डिन व कुमारी बील यांच्यात झालेला पत्रव्यवहार हा विवेकस्वातंत्र्याच्या इतिहासातील एक महत्त्वाचा दस्तऐवज ठरला आहे.

मतभेदाचे विषय लहानमोठे होते. रमाबाई शाकाहारी होत्या आणि अंडी घातलेले पदार्थ टाळीत. मठातील काहींना त्यात जातीच्या अभिमानाचा अवशेष दिसे. गळ्यात घालावयाच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे असावीत, ही अपेक्षाही रमाबाईंना पटली नाही. लॅटिन ही भारतीय स्त्रियांची भाषा नव्हे. मग संस्कृत अक्षरे का नसावीत, असा त्यांचा प्रश्न होता. चेल्टनहॅममध्ये त्यांनी पुरुष विद्यार्थ्यांनाही शिकवावे अशी कल्पना पुढे आली, तेव्हा भारतातील बिशपांनी हरकत घेतली. अशा कृतीमुळे स्वदेशातील त्यांचा प्रभाव कमी होईल, असे त्यांचे म्हणणे होते. भारतात स्त्रीपुरुषांच्या सभांपुढे खुलेपणाने व्याख्याने दिलेल्या रमाबाईंना हा निर्बंध अपमानास्पद वाटला.

याहून गंभीर प्रश्न सिद्धान्तांचा होता. त्रैक्याचा सिद्धान्त, ख्रिस्ताचे ईश्वरत्व आणि कुमारीच्या पोटी झालेला त्याचा जन्म यांविषयी रमाबाईंच्या मनात शंका होत्या. त्या शंका त्यांनी लपविल्या नाहीत. अथानेशियन मतांगिकार म्हणून ओळखले जाणारे प्राचीन श्रद्धावचन, ते न मानणाऱ्याचा नाश होईल असे बजावते. ते स्वीकारण्यास रमाबाईंनी नकार दिला. बाप्तिस्म्याने आपण ख्रिस्ताच्या सार्वत्रिक मंडळीत आलो आहोत, कोणा एका पंथाच्या अधिकाऱ्यांच्या ताब्यात नव्हे, अशी त्यांची भूमिका होती. भारतातील पुरोहितांचे जोखड मोठ्या कष्टाने झुगारल्यानंतर तसेच दुसरे जोखड मानेवर घेण्याची त्यांची तयारी नव्हती.

रमाबाईंनी उपस्थित केलेला प्रश्न ख्रिस्ती धर्माइतकाच जुना आहे. पहिल्या शतकात ख्रिस्ती झालेल्या बिगरयहुदी लोकांनी सुंता आणि मोशेचे नियमशास्त्र पाळावे की नाही, यावर मोठा वाद झाला. पौलाने गलतीकरांस लिहिलेल्या पत्रात मनुष्य नियमांच्या पालनाने नव्हे तर विश्वासाने नीतिमान ठरतो, असे प्रतिपादिले. सोळाव्या शतकात मार्टिन ल्यूथर यांनी याच पत्राचा आधार घेतला. त्याच वेळी हेही खरे की, नियमावाचून समाज टिकत नाही आणि प्रत्येकाने आपल्या मताप्रमाणे धर्म ठरविला तर मंडळी विस्कळीत होते, ही चर्चची भीती निराधार नव्हती. भगिनी जेराल्डिन यांची काळजी याच स्वरूपाची होती. रमाबाईंचा बाणेदारपणा त्यांना गर्व वाटे आणि त्या गर्वापायी त्यांची श्रद्धाच नष्ट होईल, असे भय वाटे.

मनोरमेच्या शिक्षणावरून हा वाद अधिक तीव्र झाला. चार वर्षांच्या मुलीला चर्चचे सिद्धान्त शिकविण्यात यावेत, असे मठाचे मत होते. ज्या गोष्टींवर स्वतः आईचा विश्वास बसलेला नाही त्या मुलीच्या मनावर ठसविल्या जाऊ नयेत, असे रमाबाईंनी स्पष्ट कळविले. परक्या देशात, निर्वाहासाठी भगिनीसंघावर अवलंबून असलेल्या एका विधवेने घेतलेली ही भूमिका होती. आश्रय आणि आदर या दोन्हींना मुकण्याचा धोका तिच्यात होता.

शारदा सदनातील कसोटी

१८८६ च्या आरंभी रमाबाई अमेरिकेस गेल्या. फिलाडेल्फिया येथे ११ मार्च १८८६ रोजी डॉ. आनंदीबाई जोशी यांच्या पदवीदान समारंभास त्या उपस्थित राहिल्या. १८८७ मध्ये उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवरील त्यांचा इंग्रजी ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी बोस्टन येथे रमाबाई असोसिएशनची स्थापना झाली. निरनिराळ्या पंथांचे लोक एकत्र येऊन काम करताना पाहून रमाबाईंना समाधान वाटले. परंतु एकाच ख्रिस्ताचे नाव घेणारे इतके पंथ परस्परांना दूर का लेखतात, हा प्रश्नही त्यांच्यापुढे उभा राहिला.

स्वदेशी परतल्यावर ११ मार्च १८८९ रोजी त्यांनी मुंबईत चौपाटी येथे शारदा सदन सुरू केले. पुढच्या वर्षी ते पुण्यास हलविण्यात आले. पुढे महर्षी धोंडो केशव कर्वे यांच्या पत्नी झालेल्या गोदूबाई या तेथील आरंभीच्या विद्यार्थिनींपैकी होत. सदनात धर्मशिक्षण दिले जाणार नाही आणि मुलींना आपापले आचार पाळण्याची मोकळीक राहील, असा नियम होता. न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे व डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकर यांच्यासारखे मान्यवर सल्लागार मंडळात होते.

येथे रमाबाईंच्या तत्त्वाची दुसऱ्या बाजूने कसोटी लागली. इंग्लंडमध्ये त्या स्वातंत्र्य मागणाऱ्या होत्या. आता इतरांना स्वातंत्र्य देण्याची जबाबदारी त्यांच्यावर होती. त्या आपल्या खोलीत मनोरमेसह प्रार्थना करीत आणि दार उघडे ठेवीत. काही मुली स्वेच्छेने येऊन बसू लागल्या. मुलींना येण्याची सक्ती नव्हती, तशी बंदीही नव्हती, असे रमाबाईंचे म्हणणे होते. ज्यांच्यावर मुली सर्वस्वी अवलंबून आहेत अशा व्यक्तीचे उदाहरण हीच एक सक्ती होय, असे टीकाकारांना वाटत होते. बाळ गंगाधर टिळक यांच्या केसरीने या प्रकरणी कठोर टीका केली. १८९३ मध्ये सल्लागार मंडळातील मान्यवरांनी राजीनामे दिले व अनेक पालकांनी मुलींना काढून नेले. बोस्टनच्या असोसिएशनने रमाबाईंना दिलेला पाठिंबा कायम ठेवला आणि सदन तगले. तथापि पुण्यातील सुधारकांशी असलेला त्यांचा दुवा त्यानंतर पूर्ववत झाला नाही. दोन्ही पक्षांची यात हानी झाली, हे मान्य करावे लागते.

कृपेचा अनुभव

याच सुमारास रमाबाईंच्या अंतर्जीवनात एक महत्त्वाचे स्थित्यंतर घडले. १८९१ मध्ये विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या वाचनात आले. आपण ख्रिस्ती धर्म स्वीकारला. परंतु प्रत्यक्ष ख्रिस्ताचा अनुभव आपल्याला आलेला नाही, असे त्यांना त्या वेळी जाणवले. वास्तविक त्या स्वतः नियमांविरुद्ध लढल्या होत्या. तरीही आपल्या बुद्धीच्या व सत्कृत्यांच्या बळावर मुक्ती मिळवू पाहत होत्या, असा त्याचा अर्थ होता. मुक्ती ही कमवावयाची नसून कृपेने मिळते, असा निर्वाळा त्यांच्या अंतःकरणाने दिला. १९०७ मध्ये लिहिलेल्या आत्मनिवेदनात त्यांनी हा प्रवास विस्ताराने सांगितला आहे.

या अनुभवानंतर इंग्लंडमधील अनेक सैद्धान्तिक शंका मागे पडल्या. ज्या गोष्टी अधिकाऱ्यांच्या आज्ञेने त्यांनी स्वीकारल्या नव्हत्या, त्यांतील बहुतेक त्यांनी पुढे स्वतःच्या शोधातून स्वीकारल्या.

मुक्ती

१८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाई मध्य प्रांतात गेल्या आणि निराधार मुली व तरुण विधवांना घेऊन परतल्या. स्वतः भोगलेल्या दुष्काळाची स्मृती त्यांच्या मनात जागी होती. पुणे जिल्ह्यातील केडगाव येथील शेतजमिनीवर या मुलींची व्यवस्था करण्यात आली आणि तेथे मुक्ती मिशन उभे राहिले. शारदा सदनाप्रमाणे ही संस्था धर्मनिरपेक्ष नव्हती; ती उघडपणे ख्रिस्ती होती. १९०० च्या दुष्काळानंतर तेथील संख्या दोन हजारांच्या घरात गेली. शेती, विणकाम, दुग्धव्यवसाय, शिवणकाम आणि छपाई यांचे शिक्षण मुलींना मिळू लागले. अंध स्त्रियांसाठी वेगळा विभाग सुरू झाला. समाजाने टाकलेल्या स्त्रियांच्या निवासास रमाबाईंनी कृपा सदन असे नाव दिले. फुलहॅमच्या आश्रयगृहात जे त्यांनी पाहिले होते, ते येथे मराठी मातीत उभे राहिले.

जून १९०५ मध्ये मुक्ती मिशनमध्ये धार्मिक जागृतीची लाट आली. शेकडो मुली एकाच वेळी मोठ्याने प्रार्थना करू लागल्या. कोणी रडत, कोणी गात, कोणी टाळ्या वाजवीत. शिस्तबद्ध पाश्चात्त्य उपासनेची सवय असलेल्या काही मिशनऱ्यांना हा भावनेचा अतिरेक वाटला. रमाबाईंनी या मुलींची बाजू घेतली. भारतीय ख्रिस्ती लोकांनी आपल्या स्वभावानुसार देवाची उपासना करावी आणि त्यांच्यावर परदेशी रीतिरिवाज लादले जाऊ नयेत, असे त्यांनी मिशनच्या वार्तापत्रातून मांडले. त्याच वेळी अशी बाह्य लक्षणे प्रत्येकाच्या ठिकाणी दिसलीच पाहिजेत, असा आग्रहही त्यांनी धरला नाही. स्वातंत्र्याचाच नवा नियम होऊ नये, याची ही दक्षता होती.

अखेरचे कार्य

जीवनाच्या उत्तरार्धात रमाबाईंनी बायबलचे मराठी भाषांतर हाती घेतले. प्रचलित भाषांतरातील भाषा खेड्यातील स्त्रियांना कळत नाही, असा त्यांचा अनुभव होता. त्यासाठी त्यांनी उतारवयात हिब्रू व ग्रीक भाषा आत्मसात केल्या. खिळे जुळविण्यापासून छपाईपर्यंतची कामे मुक्ती मिशनच्या छापखान्यात तेथील स्त्रियांनीच केली. धर्मग्रंथ वाचण्याचा अधिकार स्त्रियांना नाकारणाऱ्या शास्त्रांपासून ज्यांच्या विचारांचा प्रवास सुरू झाला होता, त्यांनी धर्मग्रंथ सर्वसामान्य स्त्रीच्या हाती देण्यात आपली अखेरची वर्षे वेचली. संस्कृत पंडितांच्या या कन्येने भाषांतरात संस्कृतप्रचुर शब्द कटाक्षाने टाळले. हिंदू धर्मकल्पनांशी जोडलेले शब्दही त्यांनी वगळले. या आग्रहामुळे ते भाषांतर काही ठिकाणी रुक्ष झाले, अशी टीकाही झाली आहे.

१९१९ मध्ये ब्रिटिश सरकारने त्यांना कैसर-ए-हिंद पदक दिले. जुलै १९२१ मध्ये त्यांची एकुलती एक कन्या आणि सहकारी मनोरमा हिचे निधन झाले. ५ एप्रिल १९२२ रोजी केडगाव येथे रमाबाईंची प्राणज्योत मालवली. त्यांचे संपूर्ण बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले.

महाराष्ट्रात या दिशेने विचार करणाऱ्या त्या एकट्याच नव्हत्या. कवी नारायण वामन टिळक यांनी १८९५ मध्ये बाप्तिस्मा घेतला आणि १९१७ मध्ये अमेरिकन मराठी मिशनपासून दूर होऊन देवाचा दरबार स्थापिला. बाप्तिस्मा घेतलेल्या व न घेतलेल्या अशा दोन्ही ख्रिस्तभक्तांना त्यात स्थान होते.

वाँटेज व चेल्टनहॅमचा पत्रव्यवहार भगिनी जेराल्डिन यांनी जपून ठेवला होता. जिच्याशी आपले पटले नाही, तिची पत्रे त्यांनी नष्ट केली नाहीत, ही बाब उल्लेखनीय आहे. १९७७ मध्ये महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाने तो प्रसिद्ध केला. भारतीय टपाल खात्याने १९८९ मध्ये रमाबाईंच्या स्मरणार्थ तिकीट काढले. केडगावचे मुक्ती मिशन आजही कार्यरत आहे. चर्च ऑफ इंग्लंडच्या दिनदर्शिकेत ३० एप्रिल हा दिवस रमाबाईंच्या स्मरणासाठी नोंदलेला आहे. ज्या चर्चचे सर्व नियम मान्य करण्यास त्यांनी एकेकाळी नकार दिला होता, ते चर्च आता दरवर्षी आपल्या उपासनेत त्यांचे स्मरण करते.